नालंदेचे दहा हजार आणि मोजणीबाहेरची माणसे

नालंदा महाविहाराचा विषय निघाला की दहा हजार विद्यार्थी आणि पंधराशे आचार्य हे आकडे आपल्या व्याख्यानांतून हमखास ऐकू येतात. त्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे आकडे कोठून आले आणि त्यांत कोणाकोणाची गणना झाली, हे पाहिल्यावाचून त्या विद्यापीठाचा समाज नेमका कसा होता, हे कळावयाचे नाही.

दहा हजार ही संख्या ह्युएन त्संगाच्या चरित्रात येते. ते त्याचा शिष्य हुइ-ली याने रचले. वीस ग्रंथांचे विवरण करू शकणारे १००० जण, तीस ग्रंथांचे ५००, आणि पन्नास ग्रंथांचे केवळ १०, त्या दहांत स्वतः ह्युएन त्संग, असेही त्यात म्हटले आहे. यांचीच बेरीज होऊन पंधराशे आचार्यांचा आकडा रूढ झाला असावा. वस्तुतः ही विद्वत्तेची प्रतवारी होय, नेमणुकांची नोंद नव्हे. ह्युएन त्संगानंतर काही दशकांनी, त्याच सातव्या शतकात इत्सिंग आला. तो नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला आणि भिक्खूंची संख्या तीन हजारांहून अधिक असल्याचे सांगतो. गुरूच्या चरित्रात शिष्य संख्या वाढवून सांगतो, ही रीत जुनीच आहे. आम्हांस इत्सिंगाचा आकडा अधिक विश्वसनीय वाटतो.

हे भिक्खू अनेक देशांचे होते. ह्युएन त्संगाचे आचार्य शीलभद्र पूर्वेकडील समतटाचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातील. कोरियातील सिल्ला राज्यातून आलेला आर्यवर्मन् नालंदेतच शिकला आणि तेथेच वारला, अशी नोंद इत्सिंगाने ठेवली आहे. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने येथे एक विहार बांधला व पाल राजा देवपाल याने त्याच्या निर्वाहासाठी पाच गावे दिली, हे ताम्रपटावरून सिद्ध आहे. प्रवेश कठीण होता. बाहेरून येणाऱ्यास द्वारावरच प्रश्न विचारले जात व दहांपैकी सात-आठ जण परत जात, असे ह्युएन त्संग सांगतो. येथे जन्माची नव्हे, ज्ञानाची पृच्छा होत होती, ही गोष्ट मोलाची आहे. मात्र द्वारापर्यंत पोहोचण्याइतकी विद्या आधी कोठून मिळवावयाची, हा प्रश्न तेव्हाही होताच.

इत्सिंगाने आणखी दोन वर्ग सांगितले आहेत. त्यांचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. पुढे प्रव्रज्या घेण्याच्या हेतूने बौद्ध ग्रंथ शिकणारे श्वेतवस्त्रधारी ते 'माणव', आणि गृहत्याग न करता केवळ लौकिक विद्या शिकू पाहणारे ते 'ब्रह्मचारी'. दोघांनीही आपला खर्च आपण सोसावयाचा, कारण संघाची संपत्ती संघासाठी होती. परंतु संघासाठी कष्टाचे काम केले असेल, तर त्या मानाने त्यांना विहारातून अन्न देण्यास हरकत नव्हती. 'कमवा व शिका' हे शब्द महाराष्ट्रात पुढे रूढ झाले. ती व्यवस्था इत्सिंगाच्या लेखणीत अशी एका ओळीत सापडते.

आणि या सर्वांचे अन्न कोठून येई? हुइ-ली सांगतो की राजाने शंभर गावांचे उत्पन्न लावून दिले होते आणि त्या गावांतील दोनशे कुटुंबे दररोज तांदूळ, लोणी व दूध आणून देत. इत्सिंगाच्या काळी गावांची संख्या दोनशेंवर गेली होती. विहारात वेळ दाखविणारी घटिकायंत्रे होती. ती पाहून वेळ पुकारणारी मुले यंत्रांबरोबरच राजांनी दान दिलेली होती. ज्या समाजाची आपण दहा हजारांत किंवा तीन हजारांत मोजणी करतो, त्यात ही मुले नाहीत, ती दोनशे कुटुंबेही नाहीत.

पालि विनयपिटकात मात्र अशा माणसांना स्वतःचे शब्द आहेत. विनयाचा काळ नालंदेच्या वैभवाच्या कित्येक शतके आधीचा. परंतु त्यातील पुष्कळ प्रसंग जवळच्याच राजगृहात घडतात. तेथे भोजनाची वाटणी करणारा 'भत्तुद्देसक' आहे, निवासाची व्यवस्था पाहणारा 'सेनासनपञ्ञापक' आहे. ही दोन्ही कामे दब्ब मल्लपुत्ताने स्वतः मागून घेतली होती. सुत्ते पाठ करणाऱ्यांना तो एकत्र ठेवी, विनयधरांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र, जेणेकरून एकाचा दुसऱ्यास अडथळा होऊ नये. वसतिगृह चालविलेल्या कोणासही या योजनेतील शहाणपण सांगावे लागणार नाही.

याखेरीज 'आरामिक' आहेत. हे विहाराचे सेवक, भिक्खू नव्हेत. पिलिन्दवच्छ थेर राजगृहाजवळ गुहा साफ करवीत असता बिम्बिसाराने त्यांना एक आरामिक देऊ केला. भगवंतांनी अनुज्ञा दिली. राजा मात्र विसरला. आठवण झाली तेव्हा पाचशे दिवस लोटले होते, म्हणून त्याने पाचशे आरामिक दिले. त्यांचे निराळे गावच वसले. देणारा राजा, घेणारा संघ. ज्यांना दिले त्यांची इच्छा कोणी विचारल्याचे मूळ पाठात दिसत नाही.

पुढे त्या गावात उत्सवाच्या दिवशी एका आरामिकाची मुलगी इतर मुलांचे हार व दागिने पाहून रडू लागली. आम्ही गरीब, दागिना कोठून आणावा, असे आई म्हणाली. थेरांनी गवताची एक चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवविली, ती सोन्याची माळ झाली, अशी कथा आहे. यातील चमत्कार आम्ही बाजूस ठेवतो. पुढचा भाग मात्र बाजूस ठेवता येण्याजोगा नाही. गरिबाघरी असे सोने, म्हणजे ते निःसंशय चोरीचे, असे लोकांनी राजास सांगितले व राजाने ते कुटुंब बांधून नेले. दुसऱ्यांदा थेर भिक्षेस आले तेव्हा घर रिकामे होते. शेजाऱ्यांकडे विचारपूस करून ते थेट राजवाड्यात गेले आणि त्यांनी कुटुंबास सोडवून आणले.

त्या गावाची आरामिकगाम आणि पिलिन्दगाम अशी दोन्ही नावे पालि पाठात जपली गेली आहेत. त्या आरामिकाचा उल्लेख मात्र 'अञ्ञतर', म्हणजे 'कोणी एक', असा आहे.