विश्लेषण : गाणे तुमचे, पण वाद्य कुणाचे? सॉफ्टवेअर सिंथेसायझर आणि प्लगइन कसे काम करतात?

गणेशोत्सवासाठी मंडळाने काढलेले गाणे, यूट्यूबवरचे कोळीगीत, लघुपटाचे पार्श्वसंगीत. यांत ऐकू येणारा व्हायोलिनचा ताफा, बेस गिटार किंवा ढोल प्रत्यक्षात कुणी वाजवलेला असेलच असे नाही. अनेकदा हे सारे एकाच लॅपटॉपमधील सॉफ्टवेअरमधून आलेले असते. स्टुडिओ आणि वादकांचा खर्च न परवडणाऱ्या संगीतकारासाठी ही मोठी सोय ठरली. मात्र या वाद्यांची एक बाजू सहसा उशिरा लक्षात येते. पैसे भरूनही वाद्य मालकीचे होत नाही, वापरण्याचा परवाना मिळतो आणि गाण्याची फाइल त्या परवान्यावर अवलंबून राहते. काही वर्षांनी तीच फाइल उघडली, तर गाणे पूर्वीसारखे वाजेल याची खात्री नसते. असे का होते आणि ते कसे टाळता येते?

डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणजे काय?

ध्वनिमुद्रण, संपादन आणि मिक्सिंग एकाच ठिकाणी करू देणाऱ्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन अर्थात डीएडब्ल्यू म्हणतात. क्यूबेस, लॉजिक प्रो, एफएल स्टुडिओ, एबल्टन लाइव्ह, रीपर ही त्याची परिचित उदाहरणे. त्यात प्रत्येक वाद्यासाठी किंवा आवाजासाठी वेगळा ट्रॅक असतो. हे ट्रॅक मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. पहिला ऑडिओ ट्रॅक. माइकसमोर गायलेला आवाज त्यात ध्वनी म्हणूनच साठवला जातो. दुसरा मिडी ट्रॅक. त्यात ध्वनी नसतोच. कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, ० ते १२७ या मोजपट्टीवर किती जोरात दाबली आणि केव्हा सोडली, एवढ्याच सूचना त्यात असतात.

मिडी ट्रॅक म्हणजे एका अर्थी स्वरलिपीचा कागद. तो वाचून वाजवण्याचे काम प्लगइन करते. म्हणूनच पियानोसाठी लिहिलेली सुरावट एका क्लिकमध्ये बासरीवर ऐकता येते, चुकलेला सूर माउसने हलवता येतो आणि लयही नंतर बदलता येते. मिडीचे हे मानक १९८३ मध्ये प्रत्यक्षात आले. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडता यावीत, हा त्यामागचा हेतू होता. त्यासाठी रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकी अभियंते डेव्ह स्मिथ यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी देण्यात आला.

प्लगइन आले कुठून?

जर्मनीतील हॅम्बर्ग येथील स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ मध्ये क्यूबेसबरोबर व्हीएसटी हे तंत्र आणले. त्यामुळे रिव्हर्ब, इक्वलायझर, कॉम्प्रेसर यांसारखी स्टुडिओतील यंत्रे सॉफ्टवेअरच्या रूपात डीएडब्ल्यूमध्ये जोडता येऊ लागली. १९९९ मधील दुसऱ्या आवृत्तीने वाद्येही जोडण्याची सोय केली. म्हणजेच प्लगइन दोन प्रकारचे असते. आलेल्या ध्वनीवर प्रक्रिया करणारे आणि मिडी वाचून स्वतः ध्वनी निर्माण करणारे. सॉफ्टवेअर सिंथेसायझर दुसऱ्या प्रकारात मोडतो. पुढे अॅपलने ऑडिओ युनिट्स, तर प्रो टूल्सने एएएक्स हे स्वतःचे प्रकार आणले. २०२२ मध्ये क्लॅप हे खुल्या परवान्याचे मानकही आले.

हा बदल किती मोठा होता, हे मुंबईतील एका उदाहरणावरून कळते. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांचा ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ हा अल्बम १९८२ मध्ये निघाला. त्यासाठी त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे वापरली. ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ बेस यंत्र आणि टीआर-८०८ तालयंत्र. अल्बमची तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर चर्चा झाली. जुना ज्युपिटर-८ घ्यायचा तर आज लाखो रुपये मोजावे लागतात. या तिन्ही यंत्रांच्या सॉफ्टवेअर आवृत्त्या मात्र खुद्द रोलँडच उपलब्ध करून देते.

सिंथेसायझर आवाज कसा घडवतो?

बहुतेक सिंथेसायझरचे पडद्यावरील दृश्य बटणांनी गच्च भरलेले असते. मूळ घटक मात्र चारच. पहिला ऑसिलेटर. तो ठरावीक वेगाने कंप पावणारी लहर तयार करतो. सेकंदाला ४४० कंपने झाली की पाश्चात्त्य पद्धतीतील ‘ए’ हा सूर मिळतो. लहर करवतीच्या दातांसारखी असेल तर आवाज धारदार, चौकोनी असेल तर पोकळ आणि गोलाईची असेल तर मऊ येतो. दुसरा फिल्टर. तो लहरीतील नको असलेला भाग, बहुधा वरच्या पट्टीतील तीक्ष्णपणा, कापून टाकतो. तिसरा एन्व्हलप. सूर किती वेगाने उमटावा, किती काळ टिकावा आणि पट्टी सोडल्यावर कसा विरावा, हे तो ठरवतो. सतारीचा आघात झटकन उमटतो आणि हळूहळू विरतो, तर व्हायोलिनचा सूर सावकाश फुलू शकतो. हा फरक म्हणजेच एन्व्हलप. चौथा एलएफओ. तो अतिशय मंद गतीने एखादे बटण सतत हलवत राहतो. सुराला दिलेली थरथर त्यातूनच येते.

ही झाली लहरीतून नको ते वजा करण्याची पद्धत. एका लहरीने दुसरीला हलवून आवाज घडवण्याची एफएम पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाऊनिंग यांनी शोधली आणि यामाहाच्या १९८३ मधील डीएक्स-७ या कीबोर्डमुळे ती लोकप्रिय झाली. सॅम्पलर हा प्रकार आणखी वेगळा. त्यात खऱ्या वादकाने वाजवलेले सूर आधीच मुद्रित केलेले असतात आणि पट्टी दाबल्यावर त्यातला योग्य तुकडा वाजतो. सॉफ्टवेअरमधील तबला, सनई किंवा व्हायोलिनचा ताफा बहुधा असाच येतो. त्यामुळे सॅम्पलरची वाद्ये डिस्कवर अनेक जीबी जागा अडवतात, तर निव्वळ सिंथेसायझर अगदी कमी जागेत मावतो.

भारतीय सुरांना तो न्याय देतो का?

इथे मर्यादा स्पष्ट दिसतात. मिडीची मूळ रचना कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून झाली. त्यामुळे सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरले जातात. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र कीबोर्डवरील शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने उतरा असतो. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. खऱ्या तंबोऱ्यावर सॉफ्टवेअरमधील सूर लावल्यास तो खटकतो, तो यामुळेच. काही सिंथेसायझरमध्ये यावर उपाय आहे. सर्ज एक्सटीसारख्या मोफत प्लगइनमध्ये वेगळ्या सप्तकरचनेची फाइल भरता येते.

मींडेचा प्रश्न दुसरा. साध्या मिडीत सूर ओढण्याची सूचना संपूर्ण चॅनेलला लागू होते. एकच सूर ओढायचा असला तरी त्या चॅनेलवरचे सारे सूर सरकतात. प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनेल देणारे एमपीई हे मानक २०१८ मध्ये स्वीकारले गेले. त्याचा लाभ घ्यायचा तर कीबोर्ड आणि प्लगइन दोन्ही तसे लागतात.

सॉफ्टवेअर सर्वत्र पोहोचल्यावरही जिवंत वादनाची गरज संपलेली नाही. २०१६ मधील ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर प्रत्यक्ष सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा सॉफ्टवेअरमधील व्हायोलिनचे ताफे बाजारात सहज मिळत होते.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा का येतो?

नवख्यांची ही सर्वांत मोठी तक्रार असते. संगणक आवाज थेंबाथेंबाने पाठवत नाही, छोट्या गठ्ठ्यांत पाठवतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने १२८ नमुन्यांचा बफर सुमारे ३ मिलिसेकंदांचा होतो, तर १,०२४ नमुन्यांचा सुमारे २३ मिलिसेकंदांचा. हवेत आवाज एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो. म्हणजे मोठा बफर ठेवून वाजवणे म्हणजे सात-आठ मीटर दूर ठेवलेल्या स्पीकरकडे कान लावून वाजवण्यासारखे. बफर फार लहान केला तर संगणकाला हिशेब पुरा करायला वेळ मिळत नाही आणि आवाजात चरचर येते.

संगणकावरचा भार किती झपाट्याने वाढतो, हेही पाहण्यासारखे आहे. चार सुरांचा एक कॉर्ड आणि प्रत्येक सुराला जाडपणासाठी सात आवाज लावले, तर एकाच वेळी २८ ऑसिलेटर चालवावे लागतात. म्हणून वाजवताना बफर लहान आणि मिक्सिंग करताना मोठा ठेवण्याची पद्धत आहे. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर वापरणे आणि तयार झालेले ट्रॅक ‘फ्रीझ’ करणे, हे आणखी दोन उपाय.

खर्च किती आणि चोरीच्या प्रतींचे काय?

सुरुवात जवळजवळ विनाखर्च होऊ शकते. व्हायटल या सिंथेसायझरची मूळ आवृत्ती मोफत आहे. सर्ज हे एकेकाळी विकत मिळणारे प्लगइन २०१८ मध्ये मुक्त स्रोत झाले. डेक्स्ड हे डीएक्स-७ ची नक्कल करणारे प्लगइनही मोफत आहे. डीएडब्ल्यूमध्ये एलएमएमएस मोफत आहे, तर रीपरचा व्यक्ती आणि लहान व्यवसायांसाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. आयफोनवर गॅरेजबँड मोफत मिळते.

तरीही महागड्या प्लगइनच्या ‘क्रॅक’ प्रती सर्रास फिरतात. त्यांतून संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरण्याचा धोका असतोच. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ बीनुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर व्यावसायिक लाभासाठी नसेल, तर न्यायालय कारावास टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. पैसे घेऊन गाणी करणाऱ्याला मात्र ही सवलत गृहीत धरता येत नाही.

जुने गाणे उघडेनासे का होते?

डीएडब्ल्यूची प्रोजेक्ट फाइल जतन केली म्हणजे गाणे सुरक्षित झाले, हा सर्वांत महागात पडणारा समज आहे. त्या फाइलमध्ये मिडीच्या सूचना आणि प्लगइनच्या बटणांची स्थिती असते, खुद्द प्लगइन नसते. ते संगणकावर नसेल तर ट्रॅक मुका राहतो.

प्लगइन हरवण्याची कारणे अनेक. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटलिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणे पूर्णपणे थांबवले, त्याबरोबर असंख्य जुनी प्लगइन निकामी झाली. २०१८ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीचे साहित्य नव्या निर्मात्यांना देणे बंद केले आणि २०२२ मध्ये स्वतःच्या सॉफ्टवेअरमधूनही तिचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे जाहीर केले. तिसरे कारण मासिक वर्गणी. वर्गणी थांबली की वाद्यही थांबते. मार्च २०२३ मध्ये वेव्हज या कंपनीने कायमस्वरूपी परवाने बंद करून केवळ वर्गणी ठेवण्याची घोषणा केली. वापरकर्त्यांच्या संतापामुळे अवघ्या काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. निर्णय फिरला, पण परवान्याच्या अटी एका रात्रीत बदलू शकतात हे त्यातून दिसले.

मग काळजी काय घ्यावी?

उपाय बिनखर्चाचा आहे. गाणे पूर्ण होताच प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून काढून ठेवावा. सर्व फाइल शून्य सेकंदापासून सुरू झाल्या पाहिजेत, म्हणजे कोणत्याही डीएडब्ल्यूमध्ये त्या एकमेकींशी बरोबर जुळतात. मिडी फाइल वेगळी काढावी, कारण पुढे तीच सुरावट दुसऱ्या वाद्यावर वाजवता येते. गाण्याची लय, पट्टी, वापरलेली प्लगइन आणि त्यांच्या आवृत्त्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात. स्वतः घडवलेले आवाज प्रीसेट म्हणून जतन करावेत. आणि हे सारे किमान दोन ठिकाणी ठेवावे.

तयार लूप वापरताना परवाना वाचणेही तितकेच गरजेचे. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे प्रत्येक वापरासाठी वेगळे मानधन द्यावे लागत नाही, इतकेच. लूपवरचा हक्क वापरणाऱ्याकडे येत नाही. तोच लूप जसाच्या तसा दुसऱ्याच्या गाण्यातही असेल, तर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा स्वतःच्याच गाण्यावर दुसऱ्याचा दावा दाखवू शकते. अशा वेळी परवान्याची पावती, मिडी फाइल आणि वेगवेगळे ट्रॅक जवळ असतील तर गाणे आपले असल्याचे दाखवणे सोपे जाते.