घरातील बंदूक आणि गावचे राजकारण

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

आमच्या कन्हेरीत खंडेनवमीला घरोघर हत्यारे पुजतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ, आणि अलीकडे ट्रॅक्टरचे पानेसुद्धा झेंडूच्या फुलांखाली येऊन बसतात. आमच्या घरी या रांगेत आणखी एक वस्तू असे : आजोबांची बारा बोअरची एकनळी बंदूक. आजोबा ती स्वतः पुसत, तिला स्वतः हळदकुंकू लावीत, आणि पोरांपैकी कोणी जवळ गेले तर नुसते डोळे वटारीत.

आजोबा गेले आणि नियमाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणसाबरोबर तो संपतो. वारसाला बंदूक हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावे अर्ज करावयाचा आणि इतर वारसांनी ना-हरकत द्यावयाची. धाकटे चुलते तात्या अर्ज करू म्हणतात. वडील ना-हरकतीवर सही करीत नाहीत. "दादा, वाड्याची अब्रू आहे ती," तात्या म्हणतात. "तात्या, अब्रूला परवाना लागत नाही," वडील म्हणतात. शेवटी दोघांनीही माझ्याकडे बोट दाखविले : "हा राज्यशास्त्र शिकतोय, ह्यालाच विचारा." त्या निमित्ताने जे वाचले, ते येथे मांडतो.

प्रथम आकडे पाहू. जिनिव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१७ अखेर जगातील सामान्य नागरिकांच्या हाती सुमारे ८५ कोटी ७० लाख बंदुका होत्या. त्यांपैकी ३९ कोटी ३० लाख एकट्या अमेरिकेत. म्हणजे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका. माणसांपेक्षा बंदुका अधिक! स्वित्झर्लंडमध्ये हे प्रमाण शंभरामागे सुमारे २८, पाकिस्तानात २२, भारतात ५ आणि जपानमध्ये एकाहूनही कमी. आपल्याकडील प्रमाण लहान दिसले तरी आपली लोकसंख्या मोठी, त्यामुळे एकूण आकडा ७ कोटी ११ लाखांवर जातो. त्यांतील जेमतेम ९७ लाख बंदुका परवान्याच्या. बाकीच्या चोरीछुप्या, असा अंदाज आहे.

आता प्रश्न असा की, अमेरिकेत बंदूक हा निवडणुकीचा प्रश्न का झाला? अनेकांची समजूत अशी की १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला आहे, म्हणून. हे उत्तर अपुरे आहे. तेथील 'नॅशनल रायफल असोसिएशन' १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली, ती यादवी युद्धात सैनिकांचा नेम कच्चा ठरला म्हणून. जवळजवळ शंभर वर्षे तिचे मुख्य काम नेमबाजीच्या स्पर्धा आणि शिकार हेच होते. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर बंदूकनियंत्रणाचा मोठा कायदा झाला. त्यानंतर संस्थेतील सामान्य सभासद अस्वस्थ होऊ लागले. १९७७ साली सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत त्यांनी रात्रभर सभा चालवून जुने पदाधिकारी खाली खेचले, आणि नेमबाजांची संस्था राजकीय संस्था झाली.

तिची कामाची रीत आपल्या परिचयाची आहे. गावोगाव क्लब, वर्गणी, सभासदांना मासिक, आमदार-खासदारांना पत्रांचा भडिमार, आणि निवडणुकीपूर्वी प्रत्येक उमेदवाराला शाळेतल्यासारखी श्रेणी. बंदुकीवर नियंत्रण असावे असे वाटणारे लोक तेथेही पुष्कळ आहेत; परंतु त्यांच्या मनात इतरही दहा प्रश्न असतात. बंदूकप्रेमी मतदार या एकाच प्रश्नावर मत देतो. आपल्या टापूतील उदाहरण द्यावयाचे तर नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी घ्या. उमेदवाराचे जागतिक धोरण काय याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आवर्तन वेळेवर मिळणार की नाही, एवढेच तो विचारतो. अशी थोडी पण ठाम मते जेथे एकवटतात, तेथे उमेदवार वाकतो. बहुसंख्यांच्या सौम्य इच्छेपेक्षा अल्पसंख्यांचा हट्ट राजकारणात भारी पडतो तो असा.

मात्र संघटनेच्या बळाला दुसरी बाजूही असते. सभासदांच्या वर्गणीचा पैसा स्वतःच्या चैनीसाठी वापरल्याबद्दल याच संस्थेच्या दीर्घकाळच्या प्रमुखाला २०२४ साली न्यूयॉर्कमधील ज्यूरीने दोषी धरले. सहकाराच्या प्रदेशात राहणाऱ्या आपणांस हा धडा वेगळा समजावून सांगावयास नको.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. परंपरानिष्ठ राजकारण म्हणजे बंदुकीचा पुरस्कार, असे समीकरण जगात सर्वत्र नाही. अमेरिकेतही ते नेहमीच नव्हते. १९६७ साली कॅलिफोर्नियात काळ्या तरुणांची 'ब्लॅक पँथर' संघटना भरलेल्या बंदुका घेऊन उघड फिरू लागली, तेव्हा त्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे एका माथेफिरूने ३५ माणसे मारली. तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे परंपरानिष्ठ पक्षाचे, आणि त्यांचे सहकारी टिम फिशर तर ग्रामीण शेतकऱ्यांच्या पक्षाचे नेते. त्यांनीच आपल्या मतदारांचा रोष पत्करून कडक कायदा केला, आणि सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी डनब्लेन येथील शाळेत १६ मुले व त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. तेथे चळवळ उभी राहिली ती बंदुकीच्या विरोधात, आणि पुढल्या वर्षी पिस्तुलांवर बंदी आली. स्वित्झर्लंडमध्ये घरात बंदूक असणे ही नागरी सैन्याची जुनी परंपरा. तेथील नेमबाज संघटनांनी सह्या गोळा करून नव्या नियमांविरुद्ध सार्वमत घ्यावयास लावले. परंतु मे २०१९ मध्ये सुमारे ६४ टक्के मतदारांनी नव्या नियमांच्याच बाजूने कौल दिला.

आता स्वदेशाकडे वळू. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला सूट, असा त्याचा उघड पंक्तिप्रपंच होता. १८८७ सालच्या मद्रास काँग्रेसमध्ये बिपिनचंद्र पाल यांनी हा कायदा रद्द करण्याची मागणी केली. अहिंसेचे उपासक महात्मा गांधी यांनी १९३० साली व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतही स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने ही एक मागणी होती, हे वाचून मी चकित झालो. १९३१ च्या कराची काँग्रेसने तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला.

महाराष्ट्रात परंपरानिष्ठ संघटनांनी निराळी वाट धरली. डॉ. हेडगेवारांनी १९२५ साली नागपुरास राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला, डॉ. मुंजे यांच्या प्रयत्नांतून १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे राहिले. रोजच्या रोज मैदानावर माणसे जमवावयाची, हे संघाचे तंत्र गावपातळीवरील संघटनेचा नमुनाच म्हटले पाहिजे. परंतु तेथील दंड असो वा दसऱ्याचे शस्त्रपूजन असो, त्यामागील कल्पना समाजाच्या शिस्तीची व सामर्थ्याची आहे. प्रत्येकाच्या घरी स्वतःची बंदूक असावी, या हक्कावर ती संघटना उभी राहिलेली नाही. अमेरिकेतील बंदूकवादी एकट्या माणसाचा विचार करतो, आपल्याकडील शस्त्रपूजक समूहाचा. हा भेद महत्त्वाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न घटना समितीपुढे आला. ३० जानेवारी १९४८ रोजी एका पिस्तुलाने काय केले, हे देशाने पाहिले होते. आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातील गावोगाव निरपराध माणसांची घरे जळाली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. त्याच वर्षी डिसेंबरात ह. वि. कामत यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देऊन शस्त्राचा हक्क घटनेत घालावा, अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले की, जो तो बाजारात जाऊन हत्यारे घेऊ लागला तर राज्यकारभार चालावयाचा कसा? आता राज्य आपले आहे. हक्कापेक्षा राज्याच्या रक्षणार्थ शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा आग्रह धरावा. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमात शस्त्रांचा उल्लेख आहे, तो 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याच्या हक्कापुरता.

पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. परवाना हा हक्क नव्हे, कारण पटवून मिळवावयाची परवानगी होय, हे त्याचे सूत्र आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याचा विचार मात्र त्यात स्वतंत्रपणे केलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुकांची मर्यादा घातली आणि वरातीत बार काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. कोडगूतील कोडवा समाजाला जुन्या रिवाजानुसार परवान्यातून सूट आहे, आणि कैलपोढच्या सणाला ते बंदुकीची पूजा करतात. परंतु हा देशातील अपवाद.

कन्हेरीच्या मारुतीसमोर पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ फोडण्याची रीत अनेक निवडणुकांत पाळली गेली. त्या आवारात मी ऊस, दूध, पाणी, सोसायटीचे कर्ज, आरक्षण यांवर भाषणे ऐकली आहेत. बंदुकीवर एकही ऐकले नाही. आचारसंहिता लागली की जिल्हादंडाधिकारी आणि पोलीसप्रमुख यांची समिती परवान्यांची छाननी करते व अनेकांना बंदुका जमा कराव्या लागतात. रानडुकरांनी त्रासलेल्या कोकणातील शेतकऱ्याला ते जाचते, आणि त्याची तक्रार खरी आहे. तरीही त्यावर पक्ष उभा राहिला नाही, कारण आपल्याकडे माणसाला बळ वाटते ते सोसायटीच्या सभासदत्वाचे, भावकीचे, गटाचे. एकट्याने दार लावून बसण्याची आपल्याला सवय नाही. अर्थात गटाचे हे बळ नेहमीच सात्त्विक असते असे नाही. परंतु भांडण मतपेटीने मिटते तोवर बंदुकीची आठवण कोणाला होत नाही, हेही खरे.

मी दोघांना हे सारे सांगितले. आजोबांनी मळ्यात वस्तीवर एकटे राहत असताना बंदूक घेतली, तेव्हा गरज होती. आज वस्तीवर वीज आहे, शेजार आहे, आणि घरात चार लहान मुले आहेत. माझ्या मते बंदूक परवानाधारक विक्रेत्याला देऊन टाकावी. वडिलांनी मान हलविली. तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझं सगळं बरोबर असंल. पण नवमीला तिथं काय ठेवायचं?"

या प्रश्नाचे उत्तर मात्र मला राज्यशास्त्राच्या पुस्तकात सापडलेले नाही.