प्लॅटिनमच्या जागी कागद

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेला एक कागद सहज वाकतो आणि त्यातून वीज वाहते. श्रीकुमार कुरुंगोट, सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये शोधनिबंधातून मांडलेला हा कागद म्हणजे रंगद्रव्याच्या सौर घटाचा मागचा इलेक्ट्रोड.

हा घट ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेत्सेल यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच टिटॅनियम डायऑक्साइड काचेवर पातळ थरात बसवायचे आणि रंगद्रव्यात भिजवायचे. उजेड पडला की रंगद्रव्य इलेक्ट्रॉन सोडते. तो बाहेरच्या तारेतून, वाटेत दिवा पेटवत, मागच्या इलेक्ट्रोडपाशी पोचतो. तिथे आयोडीनयुक्त द्राव त्याला उचलतो आणि रंगद्रव्याला परत नेऊन देतो. फेरा पुरा होतो.

बघणाऱ्याचे लक्ष रंगाकडे जाते. अगदी जांभळाच्या रंगावरही असा घट थोडी वीज देतो. खर्चाचे घोडे मात्र मागच्या बाजूला अडते. द्रावाने इलेक्ट्रॉन झटपट उचलावा म्हणून तिथे प्लॅटिनम लागते आणि ते बसवायला वीजवाहक लेपाची काच. धातू महाग, काच महाग आणि वर ठिसूळ.

प्लॅटिनमच्या जागी पेडॉट नावाचे प्लास्टिक चालते: ते वीजही वाहते आणि द्रावाशी इलेक्ट्रॉनची देवघेवही वेगाने घडवते. प्लास्टिक वीजवाहक होऊ शकते हे शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ मध्ये दाखवले. २००० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुण्याच्या चमूने एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांच्या सीमेवर पेडॉट घडवले, तेही थेट कागदात. आधार कागदाच्या तंतूंचा, वाहकता पेडॉटची. प्लॅटिनम गेले, त्याच्याखालची काचही गेली.

छपरावरच्या सिलिकॉन पॅनेलची बरोबरी हा घट करत नाही आणि आतला द्राव वर्षानुवर्षे गळू न देणे हे मोठेच काम आहे. या घटाचे बळ मंद, विखुरलेल्या उजेडात दिसते. आषाढात बेलापूरच्या पारसिक टेकडीवर ढग उतरतात, भरदुपारी घरोघर दिवे लागतात. त्या दिव्यांखाली, खोलीतले तापमान मोजणाऱ्या छोट्या यंत्राच्या पाठीवर, असा घट शोभेल.