म्यूलर : एका जर्मन आडनावाची व्युत्पत्ती आणि व्याप्ती

जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये सर्वांत अधिक आढळणारे आडनाव 'म्यूलर' हे होय. जर्मनीच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ एक टक्का लोक ते लावतात. त्याचा अर्थ सरळ आहे : पाणचक्की चालविणारा, धान्य दळून देणारा. पाणचक्कीची विद्या जर्मन लोकांनी रोमनांकडून घेतली, आणि विद्येबरोबर शब्दही आला. उत्तरकालीन लॅटिनमधील 'मोलिनारियुस'पासून मध्ययुगीन जर्मनमध्ये 'म्यूल्नेर' असे रूप झाले; पुढे त्यातील नकार लकारात मिसळून 'म्यूलर' सिद्ध झाले. दक्षिणेकडे 'म्यूल्नर' या रूपात तो नकार टिकून आहे, तर उत्तरेच्या बोलींनी 'म्योलर' हे रूप घडविले. काही विद्वान कुळांनी आपले आडनाव पुन्हा लॅटिनमध्ये नेऊन 'मोलिटोर' केले, हा विद्वत्तेचा हौशी सोस म्हणावा लागेल.

आता प्रश्न असा की, शेतकऱ्यांची संख्या दळणाऱ्यांहून कितीतरी मोठी असता हेच आडनाव सर्वाधिक का झाले? बाराव्या शतकापासून नगरांतून आडनावे स्थिर होऊ लागली, तेव्हा त्यांचे काम एकाला दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्याचे होते. ज्या गावात सारेच शेती करीत, तेथे 'शेतकरी' म्हणून कोणाची ओळख पटणार? चक्की मात्र गावात बहुधा एकच असे. म्हणजे जो आपल्या गावात एकटा, पण ज्याच्यासारखा गावोगाव एकेक, त्याचेच नाव देशभर पसरले. आपल्याकडील कुलकर्णी व जोशी या आडनावांच्या वैपुल्यामागेही हेच गणित आहे. दळणाऱ्याचे आडनाव मात्र मराठीत तसे रुजले नाही; येथे दळण घरच्या जात्यावर होई आणि ते बायकांच्या वाट्याला येई.

म्यूलर हा गावात फारसा लोकप्रिय नव्हता. जमीनदाराच्या चक्कीवरच दळण्याची अनेक ठिकाणी सक्ती असे, आणि मापात पीठ मारल्याचा संशय त्याच्यावर कायमचा. कित्येक प्रदेशांत त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघांत प्रवेश नाकारला जाई. १५४८ च्या साम्राज्याच्या नियमावलीला ही बंदी मोडण्यासाठी कलम घालावे लागले.

आडनाव वंशपरंपरेने चालू लागले की धंद्याशी नाते सुटते. देसाऊ येथील कवी विल्हेल्म म्यूलर (१७९४–१८२७) हा शिंप्याचा मुलगा. तरीही तरुणपणी बर्लिनमधील एका घरगुती नाट्यखेळात चक्कीवरील तरुणाची भूमिका त्याला मिळाली, ती आडनावामुळेच. त्यातून निघालेल्या त्याच्या काव्यमालेला शूबर्टने १८२३ मध्ये संगीत दिले. त्याच वर्षी विल्हेल्मला जो मुलगा झाला, तो भारतात सर्वपरिचित असलेला फ्रीड्रिख माक्स म्यूलर. 'माक्स' हे नाव संगीतकार वेबरच्या एका संगीतिकेतील नायकावरून ठेवले गेले. आणि 'वेबर' म्हणजे विणकर!

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या या पंडिताला केवळ 'म्यूलर' म्हणवून घेणे अपुरे वाटले. इतक्या म्यूलरांच्या गर्दीत हे नाव कोणा एकाला दाखवू शकत नव्हते. म्हणून त्याने 'माक्स' हे आडनावालाच जोडले आणि 'माक्स म्यूलर' हे जोडनाव पुढे त्याच्या मुलांनीही लावले. ओळखीसाठी जन्मलेल्या शब्दाला स्वतःच ओळखीची जोड घ्यावी लागली, ती अशी.

१८४९ ते १८७४ या काळात सायणभाष्यासह ऋग्वेद छापताना त्याने संस्कृतात स्वतःला 'मोक्षमूलर' म्हटले. तेथे ऑक्सफर्ड 'गोतीर्थ' झाले आहे, म्हणजे बैलाचा उतार हा त्या इंग्रजी नावाचा अर्थ भाषांतरित झाला. आडनावाचा मात्र केवळ ध्वनी घेतला गेला. मोक्षाच्या मुळाशी बसलेल्या या पंडिताच्या नावात पीठ दळणारा कोणी आहे, याची कल्पना ते मुखपृष्ठ वाचणाऱ्या शास्त्र्यांना यावी असे त्यात काहीच नाही.