पुढे एकच पेशी

फलित अंडं इनक्युबेटरमध्ये ३७-३८ अंशांवर ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी त्याला खिडकी पाडतात. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करणारी मुलगी हे काम करत होती. आधी निमुळत्या टोकाला भोक पाडून तिने सिरिंजने थोडा पांढरा बलक काढला. त्याने गर्भ कवचापासून खाली सरकतो. मग कात्रीने वरून चौकोन कापला. आत लाल ठिपका धडधडत होता. "काका, श्वास जरा बाजूला सोडा," ती मला म्हणाली. खिडकीवर टेप लावली आणि अंडं पुन्हा उबेत.

आठव्या दिवसापर्यंत खिडकीखाली रक्तवाहिन्यांनी भरलेला पातळ पडदा पसरतो. त्यावर ती फिल्टर पेपरची इवलीशी चकती ठेवते. एका अंड्यातल्या चकतीवर व्हीईजीएफ हे प्रथिन, दुसऱ्यातलीवर नुसतं सलाइन. दोन-तीन दिवसांनी पहिल्या अंड्यात बारीक वाहिन्या चहूबाजूंनी चकतीकडे वळलेल्या दिसतात, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या. सलाइनच्या चकतीकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं.

शरीरात हे प्रथिन सोडतात त्या प्राणवायू कमी पडलेल्या पेशी. निरोप एवढाच असता तर वाहिनीच्या अस्तरातल्या सगळ्याच पेशी धावत सुटल्या असत्या. पण ज्या पेशीला तो सर्वांत जोरात पोचतो ती बारीक बोटं काढून पुढे सरकते, आणि त्याच वेळी आपल्या अंगावरच्या डीएलएल-४ या प्रथिनाने शेजारणीचा नॉच हा ग्राही चेतवते. शेजारणीवरचे व्हीईजीएफचे ग्राही त्यामुळे कमी होतात. ती मागे राहते, विभागते, नळी लांबवत नेते. मला यातलं शेजारणीला हे अडवणंच जास्त महत्त्वाचं वाटतं; का, ते कॅन्सरच्या संशोधनात दिसतं. कॅन्सरच्या गाठीला नव्या वाहिन्या मिळू दिल्या नाहीत तर ती वाढणार नाही, असं जुडा फोकमन यांनी १९७१मध्ये मांडलं; २००४मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं बेव्हासिझुमॅब त्यासाठी व्हीईजीएफलाच धरून ठेवतं. उंदरांवरच्या २००६च्या प्रयोगांत उलटं केलं, डीएलएल-४चा अडसर काढला. गाठीत वाहिन्यांची दाटी झाली, पण त्यांतून रक्त नीट खेळेना. इतक्या वाहिन्या असून गाठ उपाशी!

अंड्यातल्या नव्या वाहिन्यांची मोजणी दिसते तितकी सोपी नाही. कापताना कवचाची भुकटी पडली तरी पडदा चिडतो आणि तिथे वाहिन्या जमू लागतात. पडदा आक्रसला तर जुन्याच वाहिन्या जवळ ओढल्या जाऊन नव्या भासतात. म्हणून मोजायला ती दुसऱ्याला बसवते आणि कुठल्या अंड्यात काय ठेवलंय ते त्याला सांगत नाही. कवचावर पेन्सिलीने फक्त आकडे.