पावणेदोन भागिले अर्धा

पावणेदोन भागिले अर्धा. फळ्यावर हे गणित लिहिलं की सातवीतली मुलं लगेच कामाला लागतात. पावणेदोनचे सात छेद चार करायचे, भागाकाराच्या जागी गुणाकाराचं चिन्ह घालायचं, अर्धा उलटा करून दोन छेद एक लिहायचा. सात दुणे चौदा, चौदा छेद चार, म्हणजे साडेतीन. उत्तर बरोबर असतं. मग मी विचारते, "पावणेदोनला भागलं, तरी उत्तर पावणेदोनहून मोठं कसं आलं रे?" आणि पेन्सिली थांबतात.

मी गणित घेऊन बी.एस्सी. करते आहे आणि संध्याकाळी आमच्या भागातल्या सहावी ते आठवीच्या मुलांचा अभ्यास घेते. कॉलेजात सिद्धता लिहिताना प्रत्येक पायरीला कारण द्यावं लागतं. ती सवय लागल्यावर सातवीचं पुस्तक पुन्हा हातात घेतलं, तेव्हा ते मला नव्यानेच दिसलं. ज्या ओळींना आम्ही 'सोप्या' म्हणून पुढे गेलो होतो, त्यांच्यामागे भरपूर विचार आहे आणि तो बारा वर्षांच्या मुलाला पूर्ण समजू शकतो. त्यातला काही इथे उलगडून दाखवते. घरात सहावी-सातवीतलं मूल असेल तर त्याला शेजारी घेऊन बसा. चौकटींची वही जवळ असू द्या.

आधी अपूर्णांक बाजूला ठेवून बारा भागिले तीन घेऊ. याचे अर्थ दोन. बारा लाडू तिघांत वाटले तर प्रत्येकाला किती, हा एक. बारा लाडवांचे तीन-तीनचे डबे भरले तर डबे किती, हा दुसरा. उत्तर दोन्हीकडे चारच, पण पहिल्यात ते लाडू आहेत आणि दुसऱ्यात डबे. चौथीपर्यंत मुलांच्या मनात बहुतेक पहिला अर्थ, म्हणजे वाटणी, घट्ट बसलेला असतो. अर्ध्याने भागायची वेळ आली की तो अडतो, कारण अर्ध्या माणसात काही वाटता येत नाही. म्हणून इथे दुसरा अर्थ आधी घ्यावा.

पावणेदोन लिटर दूध आहे आणि अर्ध्या लिटरचं माप आहे. किती मापं भरतील? वहीत एका लिटरसाठी चार चौकटींची पट्टी काढायची, म्हणजे एक चौकट पाव लिटरची झाली. पावणेदोन लिटरला सात चौकटी लागतात. आता दोन-दोन चौकटींना गोल करत जायचं. तीन गोल होतात आणि एक चौकट उरते.

इथे थांबायचं, आणि बराच वेळ थांबायचं. या एका चौकटीवर मुलांमध्ये खरा वाद होतो. एक मुलगी ठामपणे म्हणते, "ताई, तीन मापं आणि पाव. सव्वातीन." तिचं चुकतंय असं सांगायची घाई करू नये, कारण उरलंय ते खरोखरच पाव लिटर आहे. तिला एवढंच विचारायचं, "पाव कशाचा?" ती चौकटीकडे पाहते, मग गोल केलेल्या जोडीकडे पाहते. पाव लिटरचा आहे, आणि आपण मोजतोय मापं. एका मापात दोन चौकटी, उरली एक, म्हणजे अर्धं माप. साडेतीन! पुस्तकातलं उत्तर आणि चित्रातलं उत्तर जुळतं तो क्षण मुलांइतकाच मलाही आवडतो. अपूर्णांकांत मुलं अडखळतात त्यातलं पुष्कळसं या 'कशाचा?' पाशी येऊन ठेपतं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. अपूर्णांक एकटा उभा राहत नाही; तो नेहमी कशाचा तरी भाग असतो.

मग उलटायचं का, ते पाहू. एका लिटरमध्ये अर्ध्या लिटरची मापं दोन. तर पावणेदोन लिटरमध्ये पावणेदोनच्या दुप्पट, साडेतीन. अर्ध्याने भागणं म्हणजे दोनने गुणणं, ते एवढ्यासाठी.

माप जरा अवघड घेऊ: दोन तृतीयांश लिटरचं. एक तृतीयांशचं असतं तर एका लिटरमध्ये तीन मापं मावली असती. आपलं माप त्याच्या दुप्पट मोठं आहे, म्हणून मापं निम्मी होतील, दीड. पट्टी काढून पाहा: तीन चौकटींचा लिटर, दोन चौकटींचं एक माप, उरलेली एक चौकट म्हणजे अर्धं माप. दीड म्हणजे तीन छेद दोन. २/३ उलटा झाला आणि तो आपण उलटवला नाही, मोजता मोजता झाला. छेद सांगतो की एकाचे किती तुकडे पडले, म्हणून त्याने गुणायचं. अंश सांगतो की एका मापात असे किती तुकडे जातात, म्हणून त्याने भागायचं. कितीही आडनिडा अपूर्णांक द्या, कारण हेच राहतं.

आता मुलांकडून उलट काम करून घ्यावं. गणित आपण द्यायचं आणि त्याची गोष्ट त्यांनी रचायची. पहिली गोष्ट जवळजवळ ठरलेली असते: "पावणेदोन लिटर दूध दोन घरी निम्मं-निम्मं दिलं, तर एका घरी किती?" ही गोष्ट दोनने भागण्याची झाली, तिचं उत्तर सात छेद आठ. अर्ध्याने भागणं आणि निम्मं करणं यांची ही गल्लत मोठ्यांचीही होते. लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांची उत्तरं अभ्यासली. त्यांना नेमकं हेच विचारलं होतं: पावणेदोन भागिले अर्धा सोडवा आणि त्यावर गोष्ट रचा. चिनी शिक्षकांचं उत्तर सगळ्यांचं बरोबर आलं आणि बहुतेकांना गोष्टही जमली. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना अचूक उत्तर काढता आलं, आणि गोष्टीत पुष्कळांनी दोनने भागलं. गणित करता येण्यापेक्षा समजावून सांगता येण्याला जास्त समज लागते, हे त्या पुस्तकात पानोपानी दिसतं.

वाटणीचा अर्थही इथे लागू होतो, फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. निम्मा रस्ता पावणेदोन किलोमीटरचा आहे, तर पूर्ण रस्ता किती? पुन्हा दुप्पट, साडेतीन, पण आता किलोमीटर. घरात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेले आजी-आजोबा असतील तर त्यांना हे विचारून पाहा. ते कागदाला हात न लावता सांगतील.

भाजकाचे अंश-छेद बदलून गुणावं, हा नियम भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. ग्रंथ ११५० सालचा. त्यावर १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती, म्हणजे ते का चालतात याची कारणं, दिली. सूत्र पाठ झालेल्या विद्यार्थ्यालाही कारण हवं असतं, हे आपल्याकडच्या शिक्षकांनी फार पूर्वी ओळखलं होतं.

कारण न कळता नियम लावला जातो अशी दुसरी जागा ऋण संख्यांची. 'मायनस मायनस प्लस' हे वर्गात इतक्यांदा म्हटलं जातं की मुलं ते कुठेही लावतात. वजा तीन वजा चार विचारलं की अधिक सात लिहून मोकळी होतात. त्या घोषवाक्यात गुणाकाराचं नावच नाही, म्हणून असं होतं. बेरीज-वजाबाकीसाठी कर्जाचं उदाहरण चांगलं चालतं: तीन रुपये देणं, आणखी चार देणं, मिळून सात देणं. गुणाकारात ते सोडून द्यावं. कर्जाला कर्जाने गुणणं याला व्यवहारात काही अर्थ नाही आणि ओढूनताणून अर्थ लावला की मुलं गोंधळतात.

त्यापेक्षा पाढा उलटा म्हणायला लावावा. वजा तीन चोक वजा बारा, त्रिक वजा नऊ, दुणे वजा सहा, एके वजा तीन, शून्य शून्य. दर पायरीला उत्तर तीनने वाढतंय. आणखी एक पायरी उतरा: वजा तीन गुणिले वजा एक. क्रम मोडायचा नसेल तर उत्तर अधिक तीन. मुलं इथे खूश होतात, पण एखादं विचारतंच, "क्रम मोडला तर काय होईल?" तो प्रश्न मोलाचा आहे आणि त्याला खरं उत्तर द्यावं.

उत्तर असं. चार अधिक वजा चार म्हणजे शून्य. म्हणून वजा तीनने या सगळ्या कंसाला गुणलं तरी शून्यच यायला हवं. कंस सोडवला की दोन तुकडे मिळतात: वजा तीन गुणिले चार, आणि वजा तीन गुणिले वजा चार. पहिला वजा बारा आहे. दोन्ही मिळून शून्य व्हायचं, तर दुसरा अधिक बाराच असला पाहिजे. त्याला वजा बारा मानलं तर बेरीज वजा चोवीस येते आणि कंस सोडवण्याचा नियमच कोसळतो. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त ऋण आणि ऋण यांचा गुणाकार धन असतो असं लिहून ठेवलं. आठवीतलं मूल चार ओळींत त्याचं कारण देऊ शकतं.

कंस सोडवण्याचा हाच नियम पुढे विस्तारसूत्रांत भेटतो. तीन अधिक चार या कंसाचा वर्ग नऊ अधिक सोळा लिहिणाऱ्या मुलाला सात बाय सातचा चौरस काढायला सांगा आणि त्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत तीन बाय तीन आणि चार बाय चारचे दोन चौरस रंगवायला लावा. तीन बाय चारचे दोन आयत कोरे राहतात. ते त्याला स्वतः दिसतात, काही सांगावं लागत नाही.

कॉलेजात शिकणाऱ्या माझ्यासारख्या मुलामुलींना एक विनंती आहे. आठवड्यातली एखादी संध्याकाळ शेजारच्या सातवीतल्या मुलाला द्या. रीत सांगू नका, गणित द्या आणि त्याची गोष्ट रचायला सांगा. गोष्ट चुकली तर खोडरबर उचलण्याआधी विचारा, "हे अर्धं कशाचं?" आणि त्याला विचार करायला भरपूर वेळ द्या.