क्वार्टरबॅकची तटबंदी

अमेरिकेतील असंख्य गावांत शरद ऋतूतील शुक्रवारची रात्र शालेय फुटबॉलची असते. आपल्या परिचयाचा, पायाने खेळायचा फुटबॉल तो नव्हे. तेथे चेंडू हातात घेऊन वा फेकून पुढे न्यायचा आणि चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारायची. या खेळाचा सूत्रधार क्वार्टरबॅक. मात्र पास देताना त्याची नजर दूरवरच्या सहकाऱ्यांवर असते आणि प्रतिस्पर्धी त्याच्यावरच चाल करून येत असतात. अशा वेळी या शाळकरी मुलाला तारते ती पुढची पाच जणांची फळी.

मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल अशी तिची रचना. संरक्षणाच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत प्रत्येकाला एकेक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असतो. ती समजण्यास सोपी. पण समोरच्यांनी जागा बदलल्या की गोंधळ उडतो. दुसऱ्या, 'स्लाइड' पद्धतीत फळी एका दिशेने सरकते आणि प्रत्येक जण खेळाडूऐवजी फट राखतो. विरुद्ध टोकाकडून येणाऱ्याला रनिंग बॅक अडवतो. तेथे चणीने लहान मुलाची गाठ धिप्पाड प्रतिस्पर्ध्याशी पडू शकते, हा तिचा धोका.

उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. त्यामुळे डावा टॅकल महत्त्वाचा. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने पकडताना वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द संपली. हा प्रसंग व्यावसायिक सामन्यातला; शाळकरी वयात तर धोका अधिकच जपून हाताळावा लागतो.

तथापि, संरक्षण ही केवळ फळीची जबाबदारी नव्हे. अडवणारे सहा आणि चाल करणारे सात असतील, तर कोणतीही योजना अपुरीच. म्हणून चेंडू हाती येण्यापूर्वी प्रतिस्पर्धी मोजणे, मोकळा राहणारा कोण हे ओळखणे आणि तो पोहोचण्याआधी जवळचा पास देणे, हे क्वार्टरबॅकला शिकवावे लागते. मागे किती पावले जायचे, हेही ठरलेले हवे. तो अधिक मागे गेल्यास टॅकलने साधलेला कोन निरुपयोगी ठरतो. २०२२पासून शालेय नियमांनी काही अटींवर, मध्यभागापासून दूर गेल्यावर चेंडू मैदानाबाहेर फेकून देण्याची मुभा दिली. त्यामुळे सुटकेचा आणखी एक मार्ग खुला झाला.

सरावाला वेळ मर्यादित असतो. तेव्हा कागदावरील दहा योजनांपेक्षा पाचही मुलांना ऐन वेळी आठवतील अशा दोन योजनाच क्वार्टरबॅकचे खरे कवच ठरतात.